खाऱ्या पाण्यावर गाडी चालेल का? २००७ च्या त्या व्हिडिओत तर ते पेटताना दिसतं!

नाही, खारं पाणी हे इंधन होऊच शकत नाही. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. राख पुन्हा पेटवण्यातला प्रकार. व्हिडिओ मात्र खोटा नाही. अमेरिकेतल्या जॉन कान्झियस यांनी कर्करोगावरच्या उपचारासाठी बनवलेल्या यंत्रातल्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी परीक्षानळीतल्या खाऱ्या पाण्यावर सोडल्या आणि नळीच्या तोंडाशी ज्योत धरली. पेन स्टेट विद्यापीठात रुस्तम रॉय यांनीही ते करून पाहिलं. पण जळत होता तो पाण्यातून सुटलेला हायड्रोजन, आणि तो सोडवायला यंत्राला वीज लागतेच. साध्या विद्युत अपघटनातही (विजेने पाणी फोडण्यात) १ किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट वीज जाते. जाळल्यावर जास्तीत जास्त ३९ युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे धंदा तोट्याचाच, मीठ कितीही घाला.

एक अपवादासारखं दिसेल: समुद्राच्या पाण्यावर चालणारे एलईडी कंदील. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये ‘रोशनी’ नावाचा असा दिवा आणला. कोळ्यांना होडीवर उपयोगी आहे, पण अशा दिव्यांत ऊर्जा धातूच्या पट्टीतून येते. पाणी फक्त वीज वाहून नेतं, पट्टी झिजली की बदलावी लागते.