वाचकांचे प्रश्न : पोलादी टोप आणि कुतचा वेढा

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारातून मी बशीसारखा पसरट, पोलादी लष्करी टोप विकत घेतला. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात तुर्कांनी इराकमधल्या कुत-अल-अमाराला घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणीच्या एका शिपायाने तो घातला होता, असे विक्रेत्याने सांगितले. पुढे पलटणीचे चिन्ह रंगवलेले आहे. लोहचुंबक टोपाला चिकटत नाही, कडेच्या पट्टीला मात्र चिकटतो. माथ्यावर स्क्रू आहे आणि अस्तरावर १९३९ असे छापलेले आहे. टोप खरा असेल का? आणि तो घासून स्वच्छ करावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण लोहचुंबक लावून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. जॉन ब्रॉडी यांनी १९१५ साली पेटंट घेतलेला हा ब्रिटिश टोप लवकरच हॅडफिल्ड पोलादाचा होऊ लागला आणि त्या पोलादात सुमारे १२ टक्के मँगनीज असल्यामुळे लोहचुंबक त्याला धरत नाही. साध्या पत्र्याच्या नकलेला तो चटकन चिकटतो. सुरुवातीच्या टोपांची कड उघडी आणि धारदार होती. १९१६च्या उत्तरार्धापासून तिच्यावर साध्या पोलादाची पट्टी मढवली जाऊ लागली, आणि आपल्या टोपाची पट्टी तीच असावी.

विक्रेत्याची गोष्ट अडते ती याच पट्टीपाशी. वेढ्यात सापडलेल्या, ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या हे खरे. परंतु कुतमध्ये अडकलेल्या या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली, तेव्हा पट्टी मढवलेला टोप अस्तित्वातच नव्हता.

स्क्रू आणि १९३९चा आकडा पाहून मात्र निराश होऊ नये. पहिल्या महायुद्धातल्या टोपाच्या माथ्यावर रिव्हेट असे. दुसरे महायुद्ध तोंडावर आल्यावर साठ्यातले जुने टोप बाहेर काढून त्यांना स्क्रूने बसणारे नवे अस्तर आणि स्प्रिंग असलेला हनुवटीचा पट्टा जोडण्यात आला. संग्राहक या प्रकाराला ‘मार्क वन स्टार’ म्हणतात. अस्तर नंतरचे असले तरी ही भेसळ नव्हे, सरकारी दुरुस्ती आहे. कडेच्या खालच्या अंगाला ठोकलेली अक्षरे शोधावीत. ‘एचएस’ दिसल्यास तो शेफिल्डच्या हॅडफिल्ड कारखान्याचा शिक्का होय.

रंगवलेल्या चिन्हाबद्दल मला दाट शंका आहे. ते भिंगाखाली धरून पाहावे. ओरखड्याने टोपाच्या रंगाबरोबर चिन्हाचाही रंग खरवडला गेला असेल, तर चिन्ह आधीचे. परंतु चिन्हाचा रंग ओरखड्याच्या तळाशी, गंजावर उतरून बसलेला दिसला, तर तो नंतर कोणीतरी लावला आहे. चिन्हामुळे भाव चढतो, हे बाजारात सगळ्यांनाच ठाऊक असते.

घासण्याचा विचार सोडून द्यावा. देवघरातल्या समईसारखी चिंच लावून टोप लखलखीत केलात, तर मूळ रंगाबरोबर वर सांगितलेला पुरावाही निघून जाईल. मऊ ब्रशने धूळ झाडावी, अस्तर ओढून काढू नये. पावसाळ्यात बुरशी आधी अस्तरालाच धरते, म्हणून टोप सिलिका जेलच्या पुड्या ठेवून कोरड्या कपाटात ठेवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये.