नणंदेचं बाळ दत्तक घ्यायचं आहे, ती दुसऱ्या राज्यात असते. कोर्टात जावं लागतं का?

तुम्ही पुण्यात, नणंद सुरतेला, बाळ दोन महिन्यांचं. कोर्टात जावं लागेल का, की घरातलंच आहे तर नुसतं आणून वाढवलं तरी चालेल, असं विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही चालणार. उद्या शाळा, पासपोर्ट, ऑपरेशनची सही, प्रत्येक ठिकाणी आई म्हणून नणंदेलाच शोधत येतील.

माझी धाकटी बहीण मध्य प्रदेशात दिलेली. माझी तीन बाळंतपणं अर्ध्यातच गेली होती. 2018 साली तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती आणि तिचा नवरा आपणहून म्हणाले, हे बाळ ताईचं. सातव्या महिन्यात मामा आमच्याकडे आले. बाबा गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच, आम्हा दोघींची लग्नं त्यांनीच जमवलेली. म्हणाले, "डॉक्टर ओळखीचे आहेत. दाखल करताना तिचं नाव सांगायचंच नाही, तुझं सांगायचं. दाखल्यावर तूच आई. दत्तकबित्तक नको, चार लोकांना कळायला नको."

मी नाही म्हटलं. जन्माची खोटी नोंद हा गुन्हा आहे, हे तर झालंच. पण बहिणीचा रक्तगट निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर 72 तासांत तिला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. माझ्या नावाच्या केसपेपरवर तिला ते कोण देणार होतं? रक्त चढवायची वेळ आली असती तर? मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा वाढलेल्या ताटावरून उठले. त्यानंतर ते आमच्या घरी आलेले नाहीत. बाळ पॉझिटिव्हच निघालं, आणि बहिणीला इंजेक्शन वेळेवर मिळालं, कारण पेपरवर तिचंच नाव होतं.

आता कोर्टाचं. दोन्ही घरं हिंदू असतील (या कायद्यात बौद्ध, जैन, शीखही आले) आणि आईवडील स्वतः बाळ देत असतील, तर 1956 च्या दत्तक कायद्याखाली कोर्टाची परवानगी लागत नाही. हा कायदा केंद्राचा आहे, राज्याच्या हद्दीने त्यात फरक पडत नाही. बाळ खरोखर दिलं-घेतलं गेलं पाहिजे, नुसता कागद पुरत नाही. आम्ही सव्वा महिना झाल्यावर गेलो. बहिणीने देवापुढे बाळ माझ्या ओटीत घातलं, फोटो काढले. होम केला नाही, कायद्याला तो लागत नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवलं. नोंदलेल्या पत्रावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असली की दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट धरून चालतं, खोटं पाडायचं असेल तर समोरच्याने पाडावं.

आमची चूक झाली ती अक्षरात. पत्र हिंदीत केलं आणि आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला. सह्या करताना कुणाच्या लक्षात आलं नाही, इकडे आल्यावर ते आधारशी जुळेना. चूक दुरुस्ती पत्रासाठी पुन्हा सगळे तिकडे जमलो, तेही तान्ह्या मुलीला घेऊन. गुजरातीत 'ळ' आहे, तरी तुम्ही सगळी नावं अक्षर न् अक्षर वाचा. त्याहून बरं म्हणजे नणंद आणि तिचे यजमान पुण्याला येऊ शकत असतील तर सह्या पुण्यातच करा. जमिनीचा दस्त नसला की जिथे सह्या झाल्या तिथे नोंदवता येतो, आणि मराठीत होतो. जन्मदाखल्यावर तुमची नावं लावायला मात्र जिथे जन्म नोंदला तिथल्याच निबंधकाकडे जावं लागेल.

मामा अजूनही नातेवाइकांत सांगतात, भाचीने सख्ख्या बहिणीकडून कागद करून घेतला, तिचा माणसांवर विश्वास नाही. माझा बहिणीवर पूर्ण विश्वास होता. तिचं बाळंतपण तिच्या नावाने व्हावं, एवढंच मी मागितलं. तुमच्याकडेही असं म्हणणारं कुणी वडीलधारं निघेल. त्यांचा मान ठेवा, पण ऐकू नका. आणि नणंदेला आधी एकटीला विचारा, भावासमोर नको, सासूसमोर तर नकोच. एकदा रीतसर दत्तक झालं की ते रद्द करता येत नाही, तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही.

एक राहिलं. तुम्हाला आधीची मुलगी असेल आणि हे बाळही मुलगी असेल, तर 1956 च्या कायद्याने घेता येणार नाही. मुलगा असताना मुलगा, तेही तसंच. तेव्हा, किंवा तुम्ही हिंदू नसाल तेव्हा, बाल न्याय कायद्याखाली नात्यातलं दत्तक घेता येतं. तुम्ही दोघं बाळाचे मामा-मामी, ते नातं त्यात बसतं. त्यासाठी केअरिंग्ज (CARINGS) या दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं आणि आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, 1 सप्टेंबर 2022 पासून. सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षातून करा.