पर्यावरणशास्त्रातील पदवी घ्यावी का?

प्रश्न : बारावीनंतर मुलीला पर्यावरणशास्त्रात पदवी घ्यायची आहे. ‘त्यात झाडे लावण्यापलीकडे काय आहे?’ असे घरातील वडीलधारे विचारतात. आम्ही काय करावे? – एक पालक, सांगली

उत्तर : तिला हा विषय जरूर घेऊ द्यावा. सर्व शाखांना असलेल्या पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरमुळे हा गैरसमज होत असावा. पदवीच्या अभ्यासात मात्र पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यापासून मातीचे पृथक्करण, परिसंस्था आणि कायद्यांपर्यंत बरेच काही येते, आणि त्यासाठी रसायनशास्त्र पक्के असावे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे महापूर सोसलेल्या, तरीही जत तालुक्यात पाण्यासाठी तळमळणाऱ्या आपल्या जिल्ह्याला असे अभ्यासक हवेच आहेत. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा मात्र स्वतः पाहून यावी.