रात्री तीन वाजता तुम्ही काय करत होतात?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सहकारनगरला राहतो. वय ५८, बँकेतून नुकताच निवृत्त झालो. आमच्या घराण्याला तब्येतीचा वारसा आहे आणि मी तो अभिमानाने सांगतो. आजोबा औंध संस्थानातले (साताऱ्याकडचं औंध, पुण्यातलं नव्हे). राजेसाहेबांनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार घालायला लावले, त्या पिढीतले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुण्यात येऊन तोच नेम चालवला. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असते. तारीख, आणि प्रत्येकाच्या रकान्यात त्या दिवशीचा नमस्कारांचा आकडा. शिवाय रोज पहाटे पर्वतीची टेकडी. तळजाई फिरायला जाणाऱ्यांसाठी, आम्ही चढणारी माणसं. दादा गेल्या श्रावणात गेले, ८७व्या वर्षी. तोवर घरात बीपी-शुगरची गोळी आली नव्हती. त्यांच्या तेराव्यालासुद्धा मी पर्वती चुकवली नाही.

प्रश्न मुलीचा आहे. वय २४. सीए फायनलचा एक ग्रुप राहिलाय, तो निघेल. पण दिवाळीपासून तिच्या रकान्यात नुसत्या फुल्या. सकाळी साडेनऊला उठते. रात्रभर मोबाइल. एकदा पाणी प्यायला उठलो तर तीन वाजलेले, आणि हिच्या दाराखालून उजेड. परवा पाऊस आत येतोय का बघायला उठलो, पुन्हा तीन, पुन्हा उजेड. काल सहज उठलो, तेच. मध्ये कोथरूडला एका मुंजीत चुलतभावाने चारचौघांत विचारलं, ‘कन्या हल्ली पर्वतीवर दिसत नाही?’ मला सांगावं लागलं, पाय मुरगळलाय. असल्या घरावर ही वेळ यावी! काही बोललो तर ती दार लावून घेते. बायको म्हणते, सोडा हो. रात्री वायफाय बंद करावं की मोबाइलच काढून घ्यावा? शिस्त कशी लावू?

एक बाप, पुणे ९

नमस्कार.

रात्री तीन वाजता तुम्ही काय करत होतात?

मुलगी जागी होती हे समजलं, ते तुम्ही तीनदा लिहिलंय. पण तिच्या दाराखालचा उजेड दिसायचा तर दाराबाहेरही कोणीतरी जागं लागतं. पहिल्यांदा तुम्हाला तहान लागली. दुसऱ्यांदा पाऊस आला. तिसऱ्यांदा कारण शोधायचाही कंटाळा आला, ‘सहज’ उठलात. अहो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस असा वरचेवर बरोबर तीनला सहज उठत नाही. आणि या झाल्या लिहिलेल्या रात्री. न लिहिलेल्या किती, ते तुमचं तुम्हाला माहीत.

तुमच्या वहीत नमस्कारांचा रकाना आहे, झोपेचा नाही. त्यामुळे वहीच्या हिशेबाने तुम्ही ठणठणीत. तीनला डोळे उघडले, कूस बदलली, पंख्याकडे बघत पाच वाजवले, बूट घातले, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आलात, आकडा लिहिला. संपलं. वही भरली म्हणजे तब्येत चांगली! अकराला आडवे होत असाल असं धरलं तरी झोप झाली चार तास. तुमच्या वयाला सात तरी हवी. व्यायामाने झोप यायला मदत होते हे खरं, पण झोपेचं काम व्यायाम करू शकत नाही. न झोपता पर्वती चढणं याला मी शिस्त म्हणणार नाही. हट्ट म्हणेन.

‘घरात गोळी आली नव्हती’ हे वाक्यही मला फार आवडलं. शेवटचं बीपी कधी मोजलंत? वाढलेलं बीपी बहुतेकांना कळतसुद्धा नाही, काही दुखत नाही की खुपत नाही. ज्या घरात कोणी मोजायलाच जात नाही तिथे गोळी येणार कुठून? मध्यरात्री जाग येण्याची कारणं ढीगभर आहेत. या वयात पुरुषांना प्रोस्टेटमुळे लघवीला उठावं लागतं. साखर वाढली की तहानही लागते आणि उठावंही लागतं, आणि तहान तुम्हीच लिहिली आहेत. घोरताना श्वास अडकला की झोप मोडते आणि माणसाला वाटतं, उगाचच जाग आली. संध्याकाळचा सहाचा चहा असेल तर त्यातलं कॅफिनही झोपायच्या वेळी बरंचसं अंगात असतं. आणि मनाचं कारण असतं. नेहमीच्या वेळेच्या तास-दोन तास आधी जाग येणं आणि मग काही केल्या डोळा न लागणं, हे नैराश्याचं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं लक्षण आहे. मी तुम्हाला कुठला आजार चिकटवत नाही, ते माझं कामही नाही. पण यातलं नेमकं काय आहे हे पर्वतीवर कळणार नाही.

आता दादांबद्दल. वहीला, पर्वतीला, तळजाईवाल्यांना तुम्ही भरपूर जागा दिलीत. दादा दोन ओळींत उरकले, आणि त्यातली एक ओळ गोळीची. पुढचं वाक्य तेराव्याचं. त्या दिवशी पाहुण्यांनी तुमची वाहवा केली असेल, ‘काय नेम आहे बघा’ वगैरे. मला वाचून राग आला. बाप गेल्यावर तेराव्या दिवसाच्या पहाटे माणसाने घरात बसावं. रडू आलं तर रडावं, नाही आलं तर नुसतं बसावं. तुम्ही आकडा लिहायला गेलात. श्रावण आता परत तोंडावर आलाय. त्यात नुकतीच नोकरी संपलेली, सकाळी नऊनंतर घड्याळाकडे बघायचं काही कारण उरलेलं नाही. आणि तुम्ही मला विचारताय, मुलीला शिस्त कशी लावू!

ज्या टेकडीवर तुम्ही त्या दिवशी गेलात, तिथला इतिहास मी पुणेकराला सांगायला नको. तरी सांगते. वरचं देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी उभं केलं. १४ जानेवारी १७६१ला पानिपतात त्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, विश्वासराव, गेला. सदाशिवरावभाऊ गेले. नानासाहेब त्यातून उठलेच नाहीत, त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवरच त्यांनी प्राण सोडला. या शहराने त्यांना कशाकशाबद्दल बोल लावला असेल, पण मुलाच्या आणि भावाच्या दुःखाने खचले म्हणून कोणी नाक मुरडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पेशव्याला खचायची मुभा आहे, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला नाही?

मुलीची तरफदारी मी करणार नाही. चोवीस वर्षांच्या मुलीने दार लावून घेण्यापेक्षा ‘बाबा, मला झोप लागत नाही’ असं सांगायला हरकत नव्हती. सीए होऊन उद्या कंपन्यांना त्यांची खोट तोंडावर सांगायची, तर घरात चार शब्द बोलता यायलाच हवेत. पण सांगितलं असतं तर पुढे काय झालं असतं, याचा अंदाज तिला आहे. मुंजीतलं तुमचं उत्तर तिच्या कानावर गेलेलं आहे, अशा गोष्टी आपल्याकडे जेवणाची पंगत उठायच्या आत पोहोचतात. त्यातून तिला कळलं ते एवढंच, की आपल्या घराण्याला मुरगळलेला पाय चालतो, मोडलेली झोप चालत नाही. आणि ही शिकवण तुम्ही स्वतःही पाळताय. म्हणून तर तुम्हाला तहान लागते आणि पाऊस येतो.

‘रात्रभर मोबाइल’ हेही तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही उजेड पाहिलात. आत मोबाइल होता, की ऑडिटचं पुस्तक उघडं होतं आणि एकच पान समोर तासभर, की ती नुसती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तुम्हाला माहीत नाही. दिवाळीपासून फुल्या आहेत असं म्हणता. दिवाळीच्या आसपास काय झालं, परीक्षा, निकाल, मैत्रीण, आणखी कोणी, हे विचारलंत? पत्रात तरी नाही. फुल्या मात्र मोजल्यात. दाराशी आलात, उजेड पाहिलात आणि परत जाऊन पडलात. एका छपराखाली दोन माणसं तीन वाजता जागी, मध्ये एक दार, आणि दोघांनाही वाटतंय की या घरात असं कोणाचं होत नाही.

वायफायचं उत्तर हवं असेल तर नाही. ते चालू राहू द्या. ज्या राजेसाहेबांचं नाव घेताय त्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती दिला, आणि तुमच्याच्याने एक राउटर सोडवत नाही.

करायचं ते एकच. आता जाग आली आणि तिच्या दाराखाली उजेड दिसला की दार वाजवा. हळू वाजवा. तिने उघडलं की म्हणा, ‘मलाही झोप लागत नाहीये.’ एवढंच. ‘अजून जागी?’ नाही. ‘किती वाजले बघितलंस का?’ अजिबात नाही. ट्यूब लावू नका, तिच्या टेबलावर नजर फिरवू नका, मोबाइल हातात असला तर असू दे. दादांची आठवण येते असं म्हणावंसं वाटलं तर म्हणा. घसा दाटला तर दाटू दे, तिने तुम्हाला कधी तसं पाहिलेलं नसेल आणि ते पाहण्याची तिला गरज आहे. मग दोघांनी स्वयंपाकघरात जा, दूध तापवा, ओट्यापाशी उभे राहून प्या. ती बोलली तर ऐका. मध्ये उपाय सुचवू नका. आमच्या वेळी, आमचे दादा, आमचे आजोबा, हे शब्द त्या रात्रीपुरते गिळा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वतीला जाऊ नका. तुमच्या रकान्यात तुमच्या हाताने लिहा, ‘झोप झाली नाही.’ तिला दिसेल असं.

त्या बोलण्यात तिने ‘जगावंसं वाटत नाही’ या अंगाचं काही काढलं, गमतीत का होईना, तर ते गमतीवारी नेऊ नका, आणि तिला एकटी सोडून झोपायला जाऊ नका. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीतून बोलता येतं. रात्री तीनला फोन उचलणारं माणूस तिथे असतं. तो नंबर तिच्यासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.

डॉक्टरांची वेळ मात्र उद्याच घ्या, आणि ती तुमच्या स्वतःच्या नावाने. मुलीला दाखवायला म्हणून जाऊन तिच्या आडून आपलं विचारायचं, हे चालणार नाही. नेहमीचे घरचे डॉक्टर पुरेत. बीपी, साखर, प्रोस्टेट बघू दे. किती दिवसांपासून तीनला जाग येते ते खरं सांगा, तिथे पाऊस आणू नका. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर जा. कोणीतरी येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा विनोद करेल. पुण्यातला फार शिळा विनोद आहे तो, बहुधा तुमचा चुलतभाऊच करेल. करू दे. तुम्ही जाऊन आलात की मुलीला ‘तूही ये’ म्हणायचा तुम्हाला अधिकार मिळतो. त्याआधी नाही.

दार वाजवणं पहिल्या रात्री जमणार नाही, ते धरून चाला. ती म्हणेल, ‘काय झालं बाबा? काही नाही, जा, झोपा.’ तिला संशयच येईल, कारण आजवर ते दार तुम्ही तिला उठवायलाच वाजवलेलं आहे. ठीक आहे, जा, पडा. वाद घालू नका, समजावत बसू नका. पुढच्या वेळी जाग आली आणि उजेड दिसला, की परत वाजवा.