'जिरणे' आणि हडसनचा गाळ

अमेरिकेतल्या हडसन नदीच्या गाळातले जीवाणू पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन 'पचवतात', 'जिरवतात' की त्याचं 'विघटन करतात', असं एका वाचकानं विचारलंय. त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी मला छळतो तो 'जिरणे'चा गैरवापर. कारखान्याचं पाणी नदीत 'जिरून गेलं' असं सर्रास ऐकू येतं. दिसेनासं झालं म्हणजे जिरलं नव्हे!

जिरणे आलं संस्कृत 'जॄ'वरून, प्राकृत 'जीरइ'मार्गे. धातूचा मूळ अर्थ म्हातारं होणं. जरा, जर्जर, जीर्ण, अजीर्ण ही सगळी एकाच घरची. आणि फोडणीतलं जिरंसुद्धा! जीरक, म्हणजे जिरवणारं. पोटात गेलेला घास तिथे म्हातारा होऊन संपतो, केवढी सुंदर कल्पना! पाणी जमिनीत जिरतं म्हणून या शब्दाला झिरपण्याशी जोडणारे साफ चुकतात. झरण्याचं मूळ 'क्षर्', ते कूळच वेगळं.

जेवण झालं की आमची आजी पोटावरून हात फिरवत 'वातापि जीर्णो भव' म्हणायची. मेंढा झालेल्या वातापीला अगस्तींनी खाल्लं. इल्वलानं हाका मारल्या, तो बाहेर आला नाही. माझ्या मते जिरण्याची कसोटी हीच: हाक मारली तरी परत येता कामा नये.

पीसीबी परत आलं. फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून ते १९७७ पर्यंत नदीत जात होतं. माशांच्या अंगात इतकं साठलं की १९७६ मध्ये वरच्या हडसनमधली मासेमारी बंद करावी लागली.

हो, जीवाणू. पीसीबी म्हणजे बेंझिनची (सहा कार्बन अणूंची) दोन जोडलेली कडी आणि त्यांना लागलेले एक ते दहा क्लोरीन. प्राणवायू नसलेल्या गाळातले जीवाणू त्यातले काही क्लोरीन काढून टाकतात, तेही भुकेपोटी नव्हे. आपण प्राणवायू वापरतो तसं ते पीसीबी श्वसनाला वापरतात! कडी शाबूतच राहतात. म्हणून इथे 'क्लोरीन सोलतात' म्हणावं. क्लोरीन कमी झालेली कडी फोडतात ते प्राणवायूवर जगणारे दुसरे जीवाणू. त्यांच्यापुरतं 'पचवतात' खुशाल लिहा.

नदी आपली आपण साफ होतेय, असं कंपनीचं म्हणणं होतं. शेवटी २००९ ते २०१५ यंत्रं लावून तो गाळ उपसावा लागला.