प्रश्न तुमचे: आयटी सपोर्टच्या पहिल्या नोकरीत काय पाहिले जाते?

प्रश्न : माझे पदवीचे शिक्षण संपत आले असून मी आयटी सपोर्टमधील अगदी पहिल्या पायरीच्या जागांसाठी अर्ज करीत आहे. जाहिरातींत नेटवर्किंग, विंडोज, क्लाउड, उत्तम संवादकौशल्य आणि वर दोन वर्षांचा अनुभव असे सगळेच मागितलेले असते. नवख्या माणसाकडून कंपन्यांची खरी अपेक्षा काय असते? आणि प्रमाणपत्र परीक्षा दिल्याने काही फरक पडतो का?

उत्तर : अशी जाहिरात बहुधा मागच्या जाहिरातीत दोन-चार शब्दांची भर घालून तयार केलेली असते, त्यामुळे ती वाचून धास्ती घेण्याचे कारण नाही. मी काही वर्षे हेल्पडेस्कवर काढली आणि पुढे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, की पहिल्या पातळीवर निवड करताना एकच गोष्ट तपासली जाते : ज्याचे काम अडले आहे अशा माणसाला या उमेदवाराच्या हवाली करून आपण निर्धास्त राहू शकतो का?

मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न घ्या : ‘एका कर्मचाऱ्याचे इंटरनेट बंद आहे, काय कराल?’ बरेच उमेदवार लगेच उपाय सांगू लागतात. राउटर बंद-चालू करीन, केबल बदलीन, ड्रायव्हर पुन्हा टाकीन. ज्याची निवड होते तो आधी विचारतो, की बंद त्याचेच आहे की शेजारच्याचेही, कालपर्यंत चालत होते का, एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच नाही. त्यानंतर ज्ञानाचा भाग येतो, आणि तो फार मोठा नसतो. विंडोजच्या संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा नेटवर्कवरचा पत्ता मिळालेला दिसला, तर त्याला डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे असे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, उत्तर आलेले नाही व त्याने स्वतःच पत्ता घेतला आहे, हे ओळखता यावे. आकड्यांच्या पत्त्यावर पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का, याची चाचणी) जाते पण नावाने जात नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, घ्यावा. एवढे ज्याला कारणासह सांगता येते, त्याला क्लाउडमधले बारकावे नोकरीत शिकवता येतात, याची मुलाखत घेणाऱ्याला खात्री असते.

प्रश्न विचारण्याची ही सवय किती मोलाची असते, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. मी काम करीत असलेल्या एका ठिकाणी एका बाईंचे खाते दिवसातून तीन-तीनदा लॉक होत असे. आमच्यापैकी तिघांनी वेगवेगळ्या वेळी ते उघडून दिले, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद केले आणि आपली कामगिरी मोजून घेतली. चौथा मुलगा नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. त्याने फक्त विचारले, ‘‘पासवर्ड बदलल्यापासून तुमचा मेल आणखी कुठल्या यंत्रावर उघडतो का?’’ घरी कपाटात एक जुना टॅब्लेट चार्जिंगला लावलेला होता आणि तो जुन्याच पासवर्डने दर थोड्या वेळाने सर्व्हरचे दार ठोठावत होता. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते लॉक करणे हा सर्व्हरचा नियमच होता. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता आणि तरीही तीन तिकिटे ‘सोडवली’ म्हणून नोंदली गेली होती.

तिकिटाचा विषय निघालाच आहे, तर लेखनाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण उमेदवार सर्वांत कमी तयारी त्याचीच करतात. ‘प्रिंटर समस्या. सोडवली.’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘दुसऱ्या मजल्यावरील प्रिंटरच्या रांगेत कामे अडकली होती, प्रिंट स्पूलर थांबवून अडकलेल्या फाइल काढल्या, स्पूलर पुन्हा सुरू केला, चाचणीचे पान निघाले, या महिन्यात ही तिसरी वेळ’, अशी नोंद केली, तर तिच्यातल्या शेवटच्या पाच शब्दांवरून वरिष्ठाला कळते, की आता मुळाशी जाण्याची वेळ आली आहे. सेवा व्यवस्थापनाच्या आयटीआयएल या पद्धतीत अडलेले काम पुन्हा सुरू करून देणे आणि ते वारंवार का अडते याचा शोध घेणे या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या आहेत. पहिली तुमच्याकडे असते. दुसरी ज्याच्याकडे असते त्याला तुमच्या नोंदींवाचून काहीच करता येत नाही.

ज्या अपेक्षेबाबत चुकीला माफी मिळत नाही ती सुरक्षेची आहे. पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून तुमच्या हाती येतो, आणि समोरच्याची ओळख ठरलेल्या रीतीने पटवल्याशिवाय तो वापरायचा नसतो. मग बोलणारा कितीही घाईत असो किंवा स्वतःला संचालक म्हणवून घेत असो. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या अमेरिकी हॉटेल कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याची बतावणी करून हेल्पडेस्कला फोन केल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि त्या हल्ल्याचा सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसल्याचे कंपनीनेच पुढे जाहीर केले. त्यामुळे मुलाखतीत ‘वरिष्ठ अधिकारी तातडीने पासवर्ड मागत आहेत, काय कराल?’ असे विचारले, तर ‘लगेच देईन’ या उत्तराने तुमची नम्रता दिसत नाही, धोका दिसतो.

प्रमाणपत्राचे म्हणाल, तर कॉम्पटिया ए प्लस या आयटी सपोर्टच्या प्रमाणपत्राच्या दोन परीक्षांचा अभ्यासक्रम पहिल्या पातळीच्या कामाशी बराच जुळतो; हार्डवेअर, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर नोंदी ठेवणे आणि ग्राहकाशी बोलणे हेही त्यात आहे. अर्ज चाळणीतून वर येण्यास त्याची मदत होते, परंतु मुलाखतीत ते तुमच्या बाजूने बोलत नाही. त्याहून उपयोगी म्हणजे घरच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा आभासी संगणक, उभारणे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस विनामूल्य वापरता येते. तिच्यावर अॅक्टिव्ह डिरेक्टरी (कर्मचाऱ्यांची खाती व पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा) बसवा, पाच-दहा खाती तयार करा, मुद्दाम बिघडवा, दुरुस्त करा आणि प्रत्येक वेळी वहीत तिकीट लिहा. अनुभवाचा रकाना रिकामा असला, तरी ही वही दाखवता येते.

प्रश्न : मी तीन महिन्यांपासून हेल्पडेस्कवर आहे. ‘संगणक बंद करून पुन्हा चालू केला का?’ असे विचारले, की लोक सर्रास ‘हो’ म्हणतात, पण पाहिल्यावर तो वीस-वीस दिवस चालूच असल्याचे दिसते. त्यांचे खोटे त्यांच्या तोंडावर कसे दाखवावे?

उत्तर : दाखवू नये, कारण बहुतेक वेळा ते खोटे नसतेच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. टास्क मॅनेजरमधला अपटाइमचा, म्हणजे संगणक किती वेळ सलग चालू आहे त्याचा, आकडा त्यामुळे वाढतच राहतो. गाभा खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो तो ‘रीस्टार्ट’ केल्यावर. त्या माणसाने रोज संध्याकाळी इमानेइतबारे संगणक बंद केलेला असतो आणि आपण त्याला खोटे ठरवत असतो! (मीही एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना असे सुनावले होते, नंतर जाऊन माफी मागावी लागली.)

‘‘आता आपण दोघे मिळून एकदा रीस्टार्ट हा पर्याय निवडू या’’ असे म्हणावे. त्यात आरोप नसतो, आणि नेमके काय दाबले गेले हेही तुम्हाला कळते. जाहिरातीतल्या ‘संवादकौशल्य’ या शब्दाचा अर्थ एवढाच असतो. अस्खलित बोलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

प्रश्न : एखादे तिकीट आपल्याला सुटत नसेल, तर किती वेळ प्रयत्न करून ते वरच्या पातळीकडे द्यावे? लगेच दिले तर कामाची कुवत नाही असे वाटेल, अशी भीती वाटते.

उत्तर : बहुतेक ठिकाणी तिकिटाच्या प्राधान्यानुसार वेळेची मर्यादा ठरलेली असते, पहिल्याच आठवड्यात ती विचारून घ्या. एकाच माणसाची अडचण असेल आणि त्याला दुसऱ्या यंत्रावर काम करता येत असेल, तर अर्धा तास झुंजण्यास हरकत नाही. अनेकांचे काम ठप्प असेल, किंवा कोणी संशयास्पद दुव्यावर क्लिक केले असेल, तर पाच मिनिटेही थांबू नये. वरिष्ठाला राग येतो तो तिकीट लवकर आल्याचा नव्हे, तर ते कोरे आल्याचा. काय विचारले, काय करून पाहिले, प्रत्येक वेळी पडद्यावर कोणता संदेश आला, हे अक्षरशः लिहून पाठवा, आणि शक्य असल्यास तो ते सोडवत असताना शेजारी बसण्याची परवानगी मागा.