‘हरवले’ म्हणजे ‘लॉस्ट’ नव्हे : खेळांच्या इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे पदवीच्या पहिल्या वर्षात शिकतो. कबड्डीच्या सामन्यावर इंग्रजीत निबंध लिहिताना मी ‘वुई लॉस्ट देम बाय टेन पॉइंट्स’ असे लिहिले. आम्ही त्या संघाला १० गुणांनी हरवले होते, तरी सरांनी ते वाक्य खोडले. मित्राने ‘वुई वन देम’ असे सुचवले, तेही चूक ठरले. मग बरोबर काय?

उत्तर : आपली चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठीच्या एका क्रियापदातून आली आहे. ‘हरवणे’ या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. किल्ली हरवते आणि प्रतिस्पर्धी संघालाही आपण हरवतो. इंग्रजीतील ‘लूज’ यातला पहिलाच अर्थ सांभाळते आणि सामन्याच्या संदर्भात ते ‘हरणे’ होते, ‘हरवणे’ नव्हे. म्हणून आपल्या वाक्याचा अर्थ ‘ते आमच्या हातून कुठेतरी निसटले’ असा काहीसा झाला. प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी इंग्रजीत ‘बीट’ किंवा ‘डिफीट’ हवे : ‘वुई बीट देम बाय टेन पॉइंट्स’. ‘विन’ या क्रियापदाला कर्म म्हणून सामना, चषक, बक्षीस किंवा पदक लागते. खेळात माणूस किंवा संघ त्याचे कर्म होत नाही. हा भेद मराठीतही आहेच, कारण आपण सामना जिंकतो आणि संघाला हरवतो. मित्राने इंग्रजी लिहिताना आपल्याच भाषेतला हा भेद विसरायला नको होता.

याच्याच जोडीची दुसरी चूक मी उत्तरपत्रिकांत नेहमी पाहतो. ‘आम्ही त्यांच्याकडून हरलो’ हे वाक्य मुले ‘लॉस्ट फ्रॉम देम’ किंवा ‘लॉस्ट बाय देम’ असे लिहितात. ज्याच्याकडून हरलो त्याच्या नावाआधी ‘टू’ येते, आणि ‘बाय’ येते ते कितीने हरलो हे सांगताना. म्हणजे ‘वुई लॉस्ट टू देम बाय टेन पॉइंट्स’. ‘गोल करणे’ याचेही ‘मेक अ गोल’ होत नाही, ‘स्कोअर अ गोल’ होते. विक्रम ‘सेट’ केला जातो आणि तो मोडला तर ‘ब्रेक’ केला जातो.

‘प्ले’, ‘गो’ आणि ‘डू’ यांची मात्र फार भीती बाळगू नका, कारण तेथे मराठी बऱ्याच अंशी आपल्या बाजूने उभी आहे. आपण कबड्डी खेळतो, पोहायला जातो आणि योगासने करतो. इंग्रजीतही ‘प्ले कबड्डी’, ‘गो स्विमिंग’ आणि ‘डू योगा’ असेच म्हणतात. अडचण येते ती कुस्तीपाशी. आपण कुस्ती खेळतो, धरतो, लढतो, परंतु ‘प्ले रेसलिंग’ हा प्रयोग इंग्रजीत चालत नाही. तेथे ‘रेसल’ हेच क्रियापद वापरावे.

प्रश्न : नांदेड जिल्ह्यातील एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. ‘द बॉल इज इन युवर कोर्ट’ याचा अर्थ माझ्या विद्यार्थ्यांनी न्यायालयाशी जोडला. हे वाक्प्रचार मुलांना पाठ करून घ्यावेत की त्यांची मराठी भाषांतरे द्यावीत?

उत्तर : बाई, यातले काहीही करण्याआधी त्यांना त्या खेळातली नेमकी कृती दाखवावी. टेनिसमध्ये चेंडू जाळीपलीकडे गेला की मारण्याची पाळी समोरच्याची असते. जमिनीवर खडूने दोन चौकोन आखून चेंडू टाकून दाखवला, की ‘आता निर्णय तुम्ही घ्यायचा आहे’ हा अर्थ मुले स्वतःच सांगतील आणि ‘कोर्ट’ म्हणजे खेळाचे अंगण हेही त्यांच्या ध्यानात राहील.

कृती माहीत असली की मराठी प्रतिशब्द निवडतानाही चूक होत नाही. आपल्या जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल पाहिलेल्या मुलाला ‘चीत होणे’ समजावून सांगावे लागत नाही : पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. परंतु ‘थ्रो इन द टॉवेल’ याचा अर्थ ‘चीत होणे’ असा दिला तर तो चुकेल. मुष्टियुद्धात आपला खेळाडू आता टिकणार नाही असे दिसले की त्याच्याच बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल टाकतो. येथे पराभव प्रतिस्पर्ध्याने पूर्ण केलेला नसतो, तो आपल्या बाजूने मान्य केलेला असतो. म्हणून ‘हात टेकणे’ हाच त्याचा खरा जोडीदार आहे. ‘हिट बिलो द बेल्ट’ याचा उगमही मुष्टियुद्धाचाच. कमरेखाली ठोसा मारणे नियमबाह्य असल्यामुळे अन्यायाने केलेल्या आघाताला तसे म्हणतात.

क्रिकेटमधून आलेल्या वाक्प्रचारांकडे मी जरा अधिक वेळ द्यायला सांगेन, कारण हा खेळ मुलांच्या रोजच्या परिचयाचा असूनही त्यातली जुनी परिस्थिती त्यांनी पाहिलेली नसते. पूर्वी खेळपट्टी पावसात उघडी राहत असे. भिजलेल्या खेळपट्टीवर ऊन पडून ती वाळू लागली, की चेंडू कधी उसळे, कधी थांबून येई, आणि फलंदाजाला उभे राहणे कठीण होई. ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अशाच बिकट स्थितीत सापडलेला. ‘ऑफ हिज ओन बॅट’ म्हणजे कोणी न सांगता, आपणहून. ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ असे दीर्घायुष्य भोगून गेलेल्या माणसाविषयी म्हणतात. ‘पूर्ण आयुष्य जगले’ हे त्याचे मराठी रूप योग्य आहे, आणि ‘त्यांनी चांगला डाव खेळला’ असे शब्दशः भाषांतर शोकपत्रात कोणीही करू नये. मराठीत ‘डाव’ या शब्दाला कपटाचीही छटा आहे.

‘गेम’ या शब्दाबाबत मुलांना आवर्जून सावध करावे. ‘त्याचा गेम केला’ हा बोलीतला प्रयोग इंग्रजीत नाही. उलट ‘द गेम इज अप’ म्हणजे डाव उघडा पडला, आता लपवाछपवी संपली. ‘फेअर गेम’मधला ‘गेम’ तर खेळ नव्हेच, ती शिकार आहे. ज्याच्यावर टीका करायला हरकत नाही असे समजले जाते, त्याला ‘फेअर गेम’ म्हणतात.

प्रश्न : ‘हॅट्रिक’मध्ये टोपी कोठून आली? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : १८५८ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे एच. एच. स्टीफनसन या गोलंदाजाने लागोपाठच्या ३ चेंडूंवर ३ गडी बाद केले. त्याच्यासाठी वर्गणी जमवण्यात आली आणि त्याला टोपी भेट देण्यात आली. फुटबॉलमध्ये एकाच खेळाडूने एका सामन्यात ३ गोल केले तरी हॅट्रिक होते, ते लागोपाठ असण्याची गरज नसते.

प्रश्न : आमच्याकडे अंबाजोगाईत जुनी माणसे बुद्धिबळ खेळताना ‘शह’ आणि ‘मात’ म्हणतात. इंग्रजीतील ‘चेकमेट’शी त्यांचे काही नाते आहे का? आणि आपल्या ‘खो घालणे’ला इंग्रजीत काय म्हणावे?

उत्तर : नाते अगदी सख्खे आहे. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा, आणि ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला. हेच शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेले आणि ‘चेक’ व ‘चेकमेट’ झाले. आपल्याकडे ते ‘शह’ आणि ‘मात’ म्हणून रुळले. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि फारसी ही तेथील दरबाराची जुनी भाषा, त्यामुळे असे शब्द आपल्या भागात परके कधी वाटलेच नाहीत. ‘स्टेलमेट’चा अर्थ मात्र ‘मात’ असा करू नये. त्यात राजाला शह नसतो, पण खेळायला एकही खेळी उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. म्हणून ‘कोंडी’ हा शब्द त्याला चपखल बसतो.

‘खो’चा प्रश्न मला फार जवळचा वाटला. भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केलेल्या आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे आपल्या धाराशिवच्याच. त्यांच्या खेळात खो दिला जातो तो बसलेल्या आपल्याच गड्याला, पाठलाग पुढे चालू राहावा म्हणून. वाक्प्रचारात अर्थ उलटला आहे : कोणी कामात ‘खो घातला’ म्हणजे चालते काम अडवले. इंग्रजीत यासाठी ‘थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स’ म्हणतात, म्हणजे चालत्या यंत्रात पाना टाकणे. अर्थ जुळतो, परंतु त्यात खेळ उरत नाही. निबंधात हा प्रयोग करण्यास हरकत नाही. खो-खोविषयीच लिहीत असाल, तर मात्र ‘खो’ हाच शब्द ठेवावा आणि पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगावा.